बर्फातले केसाळ सुरवंट

श्रोते हो, नमस्कार. आज ध्रुवाजवळच्या दोन पतंगांची ओळख करून घेऊ. एक रॉसचा पतंग, दुसरा ग्रीनलँडचा. प्रजाती एकच, गिनेफोरा, जाती दोन. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर दोघेही राहतात, आणि दोघांचेही सुरवंट अंगभर केसाळ. मग ओळखायचे कसे? झिजलेल्या पंखांवर विसंबू नका, कोश बघा. ग्रीनलँडच्या पतंगाचा कोश दुहेरी, रॉसच्या पतंगाचा एकेरी. पुन्हा सांगतो: दुहेरी तो ग्रीनलँडचा, एकेरी तो रॉसचा.

आता हे रॉस कोण, ते सांगायलाच हवे. १८२९ साली ‘व्हिक्टरी’ नावाचे जहाज उत्तरेकडे निघाले आणि बर्फात अडकले. कप्तान जॉन रॉस, सोबत पुतण्या जेम्स. तिथल्या एका सप्टेंबरात याच पतंगाचे सुमारे तीस सुरवंट डबीत घालून थंडीत ठेवले. तीन महिन्यांनी डबी उबदार खोलीत आणली, तर दोन तासांच्या आत सगळेच्या सगळे चालायला लागले! पुन्हा बाहेर ठेवले, उणे चाळीस अंशांत. लगेच दगडासारखे कडक. आठवड्याने आत आणले, तेवीस उठले. पुन्हा बाहेर, पुन्हा आत: अकरा. चौथ्या खेपेला उठले फक्त दोन. ते दोघे मात्र हिवाळा काढून गेले, आणि मे महिन्यात एकातून अर्धवट वाढलेला पतंग निघाला, तर दुसऱ्यातून सहा माश्या! म्हणजे त्या सुरवंटाच्या पोटात माशीच्या अळ्या होत्या, आणि त्याही त्याच्याबरोबर चारदा गोठून वाचल्या होत्या.

हे आपल्यापर्यंत आले, कारण कुणीतरी ते त्या थंडीत लिहून ठेवले. मला विचाराल तर शाळेत निबंध कमी करावेत आणि मुलांना रोज पाहिलेले तारीखवार लिहायला लावावे.

तर १८३५ मध्ये इंग्रज कीटकशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी या पतंगाला रॉसचे नाव दिले. ग्रीनलँडच्या पतंगाला स्वतंत्र नाव मिळाले १८७४ मध्ये. आणि तो कॅनडातल्याच युकॉनच्या डोंगरांत, आर्क्टिक वृत्ताच्याही दक्षिणेला सापडला; २०१३ मध्ये तिथल्या पतंगाची वेगळी उपजात मानली गेली. रॉसचा पतंग तर जपानच्या होक्काइडो बेटावर, दाइसेत्सु पर्वताच्या माथ्यावरही आहे. तिथलीही उपजात निराळी.