कोळंबीचा रंग खाद्यातून येतो

श्रोतेहो, नमस्कार.

कोळंबी शिजली की लालसर केशरी होते. हा रंग शिजताना तयार होत नाही. तो मुळातच तिच्या अंगी असतो. अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य जिवंत कोळंबीच्या कवचात क्रस्टासायनिन या प्रथिनाला जखडलेले असते, म्हणून ते निळसर-करडे दिसते. उष्णतेने प्रथिनाची घडण मोडली की रंगद्रव्य मोकळे होते आणि त्याचा खरा रंग उघड होतो. मात्र कोळंबीला हे द्रव्य शरीरात मुळापासून तयार करता येत नाही. समुद्रात ते सूक्ष्म शेवाळातून आणि शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांतून मिळते. दाट संवर्धनात, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ कोळंबी वाढवताना, हे अन्न पुरत नाही आणि सगळा भार खाद्यावर पडतो. संवर्धनातील टायगर कोळंबी निळी पडण्याचा संबंधही याच उणिवेशी जोडला गेला आहे.

हे द्रव्य केवळ बाजारातल्या देखणेपणासाठी आहे, असे मानणे मला अपुरे वाटते. ते ऑक्सिडीकरणापासून पेशींचे रक्षण करते आणि प्रजननक्षम मादीच्या अंडाशयात साठून पुढे अंड्यांत उतरते. म्हणूनच पूरक खाद्याचा, म्हणजे हे रंगद्रव्य मिसळलेल्या खाद्याचा, विचार पोषणाच्या अंगाने व्हायला हवा.

नैसर्गिक स्रोतांपैकी हिमॅटोकॉकस हे शेवाळ सर्वांत समृद्ध आहे. फॅफिया हे यीस्टही अ‍ॅस्टाझँथिन देते. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळात प्रामुख्याने बीटा-कॅरोटीन आणि झिअ‍ॅझँथिन ही रंगद्रव्ये असतात, व त्यांचे अ‍ॅस्टाझँथिनमध्ये रूपांतर कोळंबी स्वतः करते; अर्थात या रूपांतरात काही भाग वाया जातो, म्हणून नुसते स्वस्त आहे एवढ्यावर निवड करू नये.

या स्रोतांची भुकटी खाद्यात मिसळतात. तिच्या पिशवीवर ‘नैसर्गिक’ असे छापलेले असले, तरी विक्रेत्याला रंगद्रव्याचे नेमके प्रमाण विचारावे. खाद्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम रंगद्रव्य द्यायचे असेल आणि भुकटीत ते २ टक्के असेल, तर दर किलो खाद्याला अडीच ग्रॅम भुकटी लागेल, म्हणजे टनाला अडीच किलो. हे द्रव्य स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्यामुळे खाद्याच्या गोळ्यांवर लेप द्यायचा झाल्यास भुकटी थोड्या तेलात कालवून घेणे बरे. उजेड, उष्णता आणि हवा या तिन्हींमुळे ते झपाट्याने नासते. म्हणून उघडी पिशवी पत्र्याच्या शेडमध्ये आठवडाभर ठेवणे म्हणजे पैसे फुकट घालवणे होय.

बाजाराच्या कोळंबीला हे खाद्य साधारणपणे काढणीपूर्वीचे चार ते सहा आठवडे दिले जाते. फिक्या तळाच्या टाकीत कोळंबी फिकट आणि गडद तळाच्या टाकीत गडद दिसते, त्यामुळे जिवंत कोळंबीकडे पाहून खाद्याची पारख करू नये. पूरक खाद्य दिलेल्या आणि न दिलेल्या तळ्यांतील सारख्या आकाराच्या काही कोळंब्या घ्याव्यात, त्या सारखाच वेळ उकळाव्यात आणि एकाच उजेडात शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात.