झुडपाखालची माती

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाचं तोंड दिसलं की पुण्यातल्या टेकड्यांवर खड्डे खणणाऱ्यांची लगबग सुरू होते. उत्साह चांगलाच आहे. पण आधी बोरी-करवंदीची काटेरी झुडपं तोडून जागा 'साफ' करायची आणि मग रोप लावायचं, ही रीत मला मुळीच पटत नाही.

का, ते थारच्या वाळवंटात कळतं. तिथं फोग नावाचं झुडूप उघड्या वाळूत तग धरून असतं. उडती धूळ, पाचोळा त्याच्या बुंध्याशी अडतो, सावलीनं ओल टिकते आणि त्याच्याभोवती सुपीक मातीचं बेट तयार होतं. दोन पावलं पलीकडे नुसती वाळू. या बेटातल्या मुळांत मायकोरायझा बुरशी नांदते. कृषी सेवा केंद्रात पुडीत मिळते, तीच. मूळ आणि बुरशीचा हा संसार जुना आहे. स्कॉटलंडमधल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही त्याच्या खुणा आहेत.

स्फुरद, म्हणजे झाडाला लागणारा फॉस्फरस, मातीत जागचा फारसा हलत नाही. मुळालगतचा एक-दोन मिलिमीटरचा थर संपला की मूळ उपाशी. बुरशीचे केसाहून बारीक धागे त्यापलीकडे काही सेंटिमीटर पोचतात आणि स्फुरद घेऊन येतात. झाड त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. व्यवहार चोख! मूळ कॉस्टिक पोटॅशच्या (खताच्या पोटॅशच्या नव्हे) द्रावणात उकळून, निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर मुळाच्या पेशीत बुरशीचं इवलंसं निळं झाड दिसतं, फांद्या-डहाळ्यांसकट. देवाणघेवाण तिथंच चालते. शिवाय हेच धागे मातीचे कण बांधून ठेवतात, म्हणून पाणी वाहून न जाता मुरतं.

आपल्याकडे सुप्याच्या माळावर बोरीखाली हात घालून बघा. बाहेर मुरूम, आत भुसभुशीत माती. टेकडीवर रोप लावताना त्याच टेकडीवरच्या निरोगी झुडपाखालची, बारीक मुळांसकट मूठभर माती रोपाच्या मुळाशी घाला. विरजणच ते. उन्हात मात्र ठेवू नका. खड्ड्यात सुपर फॉस्फेटही ओतू नका; स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला विचारत नाही.

आणि हो, मोहरी, कोबी, पालक यांचं या बुरशीशी सहसा जमत नाही. तेव्हा गच्चीवरच्या पालकाला पुडी घालून पैसे वाया घालवू नका.