बाळंतिणीचा ताप उतरेना? रक्तातल्या बुरशीबद्दल बोलू

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली चोपड्याच्या एका भाऊंनी विचारलंय, "ताई, अँटिबायोटिक चालू शे, तरी बाईना ताप काब्र उतरत नही?"

पटकन सांगते. कॅन्डिडा नावाची बुरशी आपल्या आतड्यात, कातडीवर एरवी गुमान राहते. बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग रक्तात पसरला, बाई आयसीयूत गेली, गळ्याच्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे औषधं द्यायची नळी, पडली, पोट दोनदा उघडावं लागलं, की या बुरशीला रक्तात शिरायला वाट सापडते. क्वचितच होतं हं. घरी ठणठणीत असलेल्या बाळंतिणीने झोप उडवून घ्यायची नाही.

आता माझं डोकं फिरवणारं वाक्य: "सिस्टर, अजून भारी अँटिबायोटिक लावा ना!" अहो, रावेर-यावलकडे केळीवर करपा आला तर किडीचं औषध मारता का? करपा म्हणजे बुरशी, तिला बुरशीनाशकच लागतं. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, कॅन्डिडाला त्याचं काही नाही. उलट आतड्यातले चांगले जिवाणू मेले की तिला रान मोकळं! (म्हणून मनाने अँटिबायोटिक बंद करायला लावू नका. मूळ संसर्गाला ते लागतंच.)

मी रात्रपाळी करायचे तेव्हाची गोष्ट. सिझेरियन झालेली बाई, नववा दिवस, चार्टवर रोज संध्याकाळी ताप 101 च्या वर. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, कोरं आलं आणि सगळ्यांनी बुरशी डोक्यातून काढली. मीसुद्धा. परत रक्त पाठवलं, तिसऱ्या दिवशी लॅबचा फोन, "सिस्टर, यीस्ट दिसतंय." यीस्ट म्हणजे कॅन्डिडासारखी बुरशी. कल्चरमध्ये ही बुरशी साधारण निम्म्याच वेळा सापडते. रिपोर्ट कोरा म्हणजे बुरशी नाही, असं नसतं!

मग लाइन काढली, कॅस्पोफंजिन हे बुरशीचं औषध लावलं. कल्चर स्वच्छ आल्यापासून औषधाचे 14 दिवस मोजतात, ताप उतरल्यापासून नाही. नातेवाईक इथेच भांडतात. डोळ्यांचे डॉक्टर बोलावले तरी भांडतात, "बाळंतपणाचा डोळ्यांशी काय संबंध?" अहो, रक्तातून ती डोळ्याच्या पडद्यावर जाऊन बसते.

एक ताई लिहितात, "अंगावर पांढरं जायचं, 150 ची फ्लुकोनाझोल घेतली, आता भीती नाही ना?" बाई गं, ती गोळी बुरशीचीच, पण ते दुखणं वेगळं, रक्तातलं नाही. 2021 मध्ये धास्ती घेतलेली म्युकर, म्हणजे काळी बुरशी, तर आणखी वेगळी. तिला ॲम्फोटेरिसिन हे औषध लागतं, सडलेला भाग कापावा लागतो.

तर भाऊ, डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: कल्चर परत कधी पाठवलं? गळ्यातली नळी किती दिवसांची झाली? काय म्हणाले ते खाली लिहा.