सतराव्या होलचा बंकर

[दृश्य: समुद्र, लहान-मोठी बेटं, दूरवर पूल]

होन्शू आणि शिकोकु या जपानच्या दोन बेटांच्या मधला हा समुद्र. जपानी लोक याला सेतोनाइकाई म्हणतात. उत्तर काठावर ओकायामा प्रांत, दक्षिण काठावर कागावा. 1988 मध्ये सेतोचा मोठा पूल झाला आणि दोन्ही काठ जोडले गेले. पण टीव्हीच्या लहरींना पूल लागत नाही. कागावातल्या ताकामात्सु शहरातली सेतोनाइकाई ब्रॉडकास्टिंग ही वाहिनी दोन्ही काठांवर दिसते. लोक तिला के.एस.बी. म्हणतात.

या वाहिनीच्या नावाची एक गोल्फ स्पर्धा होती. मन्सिंगवेअर ओपन के.एस.बी. कप.

नाव जरा लांबलचक आहे, पण त्यातच स्पर्धेची सगळी कुंडली आहे. के.एस.बी. म्हणजे वाहिनी, आणि मन्सिंगवेअर म्हणजे कपडे. मुळात अमेरिकेतल्या मिनियापोलिसची, आतल्या कपड्यांसाठी ओळखली जाणारी कंपनी. पुढे तिने छातीवर पेंग्विन असलेला गोल्फचा शर्ट काढला आणि तो पेंग्विन जगभर फिरला. जपानमध्ये हा ब्रँड देसांत या क्रीडावस्त्रांच्या कंपनीकडे होता.

जपानी टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंच्या वर्षभराच्या स्पर्धामालिकेतल्या, बहुतेक स्पर्धा अशाच. स्पर्धा टूरच्या मालकीची नसते, ती यजमानाची असते. पैसा कंपनीचा, प्रक्षेपण वाहिनीचं, मैदान एखाद्या क्लबचं. त्यामुळे कंपनीने हात आखडता घेतला की स्पर्धा गेलीच. तेजीच्या काळात, 1990 च्या आसपास, जपानच्या पुरुषांच्या टूरवर वर्षाला चाळीसहून अधिक स्पर्धा होत. 2007 पर्यंत त्या जवळपास निम्म्यावर आल्या होत्या. आपल्या ज्योती रंधावाने 2003 मध्ये जी सनटोरी ओपन जिंकली, तीही 2007 मध्येच शेवटची खेळली गेली.

[दृश्य: डोंगरउतारावरचं मैदान, वाऱ्यात फडफडणारं निशाण]

मे 2007. ओकायामातलं तोजिगाओका मरीन हिल्स गोल्फ क्लब. नावाप्रमाणेच टेकडी आणि समुद्र. या आठवड्यात वाऱ्याने वेळापत्रक पार कोलमडवलं. शेवटी ठरलं, रविवारी, 20 तारखेला, एकाच दिवसात 36 होल, म्हणजे दोन पूर्ण राउंड, खेळायचे.

खेळाडूंच्या यादीत एक शाळकरी मुलगा होता. र्यो इशिकावा. वय 15 वर्षं 8 महिने. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणजे हा हायस्कुलात जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. व्यावसायिकांच्या टूरवरची ही त्याची पहिलीच स्पर्धा. पहिल्या दोन राउंडला 72 आणि 69 फटके; गोल्फमध्ये जितके कमी, तितकं चांगलं. बरा खेळ, पण कॅमेरे मागे लागावेत असा नाही.

रविवारी सकाळी पुन्हा 69. मग दुपारी...

[तीन सेकंद शांतता. फक्त वारा.]

दुपारी हा मुलगा थांबेचना. सतरावा होल, पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत पुरा होणं अपेक्षित. चेंडू बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला. पंधरा वर्षांच्या पोराने इथे घाबरावं, हे अगदी साहजिक. त्याने वाळूतून चेंडू उडवला आणि तो ग्रीनवरून घरंगळत थेट कपात! बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी.

दुपारचा राउंड 66. एकूण 276, म्हणजे 12 अंडर पार, पारपेक्षा बारा फटके कमी. मागचे गट अजून मैदानात होते, त्यामुळे त्याला वाट पाहावी लागली. अखेर अनुभवी कात्सुमासा मियामोतो एका फटक्याने मागे राहिला.

टूरवर हौशी खेळाडूने जिंकण्याची ही 1980 नंतरची पहिलीच वेळ. तेव्हा मासाहिरो कुरामोतोने चुगोकु-शिकोकु ओपन जिंकली होती, पण तो काही शाळकरी नव्हता. इतक्या लहान वयात जपानी टूरवर कुणीच जिंकलं नव्हतं.

आणि एक गंमत. हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही. म्हणून विजेत्याचे दोन कोटी येन गेले मियामोतोला. पोराच्या हाती करंडक, आणि हरलेल्याच्या खिशात पैसे.

[दृश्य: वर्तमानपत्रांची पानं, छायाचित्रकारांची गर्दी]

पुढचं सगळं वेडेपणाचं होतं. आदल्या वर्षी शालेय बेसबॉलच्या युकी साइतोला, रुमालाने घाम पुसतो म्हणून, ‘रुमालवाला राजकुमार’ केलं होतं. आता इशिकावा झाला ‘हानिकामी ओजी’, लाजरा राजकुमार. वर्षाअखेरीस हा शब्द 2007 च्या गाजलेल्या शब्दांच्या पुरस्कारात अव्वल ठरला. उत्साहाला धरबंद राहिला नाही. जूनमधल्या एका हौशी स्पर्धेत तर एका टीव्ही कार्यक्रमाच्या लोकांनी, इशिकावाबरोबर खेळणाऱ्या मुलाला चोरून माइक लावण्याची गळ घातली. ते उघडकीला आलं आणि जाहीर माफी मागावी लागली. मला विचाराल तर त्या वर्षी सगळ्यांत समंजस माणूस तो लाजरा पोरगाच होता.

जानेवारी 2008 मध्ये, सोळाव्या वर्षी, तो व्यावसायिक झाला. मरगळलेल्या टूरवर पुन्हा गर्दी होऊ लागली.

ज्या स्पर्धेने त्याला समोर आणलं, तिच्या दारात आता तरी लक्ष्मी पाणी भरेल, असं कुणालाही वाटलं असतं. मे 2008 मध्ये के.एस.बी. कप झाला. हिदेतो तानिहारा जिंकला. ती शेवटची खेप.

[दृश्य: रिकामं मैदान, संध्याकाळचा समुद्र]

2009 च्या वेळापत्रकात मे महिना आला आणि गेला. मन्सिंगवेअरचं नाव नाही, के.एस.बी.चंही नाही. त्याच मोसमात र्यो इशिकावाने चार स्पर्धा जिंकल्या आणि अठराव्या वर्षी टूरच्या कमाईच्या यादीत पहिला आला.