अकराव्या तासाचे मजूर

मित्रहो, ख्रिस्ती विचार आणि मार्क्सवाद यांचा विषय निघाला की बोलणे देव आहे की नाही यावरच अडकते. मला आज मजुरीबद्दल बोलायचे आहे.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. मालक पहाटे एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. नंतर दिवसभर बाजारात फेऱ्या मारून आणखी माणसे आणतो. अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तास उरलेला असतानाही, काहीजण तिथे उभेच असतात. रिकामे का उभे, असे विचारल्यावर ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार पडतो, आणि उन्हातान्हात राबलेले पहाटेचे मजूर कुरकुरतात.

त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. पण एक दिनार म्हणजे तेव्हा एका दिवसाची मजुरी, घरची चूल पेटवणारी. उशिरा आलेल्याच्या घरीही भूक तेवढीच होती.

1875 साली जर्मन कामगार पक्षाच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना मार्क्स याच हिशेबाला हात घालतो. दोन कामगारांनी सारखे काम केले, एकाच्या पदरी मुलेबाळे आहेत, दुसरा एकटा. दोघांना सारखे दिले तर एक दुसऱ्यापेक्षा श्रीमंत ठरतो. म्हणून कामाच्या मापाने मोजलेला समान हक्क पुरेसा नाही, आणि साम्यवादाच्या वरच्या टप्प्यावर प्रत्येकाचा वाटा त्याच्या गरजेप्रमाणे ठरेल, असे तो सांगतो. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातही, चौथ्या अध्यायात, जमिनी विकून आलेला पैसा ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटला जातो.

इथे मार्क्सवादी मला अडवेल, आणि त्याने अडवावेच: मळा कोणाचा? दाखल्यातला मालक म्हणतो, माझ्या मालमत्तेचे मी हवे ते करीन. तो उदार होता म्हणून भागले. उद्या नसला तर? पोप लिओ तेरावे यांनी 1891च्या परिपत्रकात निव्वळ करार झाला म्हणून मजुरी न्याय्य होत नाही, कामगाराचा निर्वाह चालला पाहिजे, असे बजावले. पण खाजगी मालकीचा बचाव त्याच परिपत्रकात आहे. मालकीचा प्रश्न चर्चने फार काळ टाळला, असे मी ख्रिस्ती श्रोत्यांसमोरही म्हणतो.

सोव्हिएत संघात कारखाने आणि सगळी जमीन राज्याच्या मालकीची झाली. तिथल्या 1936च्या राज्यघटनेत, 12व्या कलमात, काय लिहिले होते? जो काम करत नाही, तो खाणारही नाही. आणि वाटा कामाप्रमाणे. ते पहिले वाक्य प्रेषित पौलाचे, बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले. फक्त पौल म्हणतो, ज्याला काम करायची *इच्छा नाही*, त्याने खाऊ नये. घटनेत ती इच्छा गळाली. बाजारात संध्याकाळपर्यंत उभ्या राहिलेल्या त्या माणसांना कामाची इच्छा होती.