नारायण धारप आणि घरातली भीती

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत भयकथाकार नारायण धारपांची पुस्तके वाचनालयातून मोठ्यांच्या नावावर येत आणि दुपारी मुलेच ती लपून वाचत. साहित्यचर्चेत मात्र या लेखकासाठी कोणी पाट मांडला नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

२७ ऑगस्ट १९२५ रोजी जन्मलेले धारप बी.एस्सी. टेक. झालेले होते. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने भयकथांच्या जोडीने ‘नेनचिम’सारख्या विज्ञानकादंबऱ्याही लिहिल्या. शास्त्राच्या अभ्यासाची शिस्त त्यांच्या भयकथेतही जाणवते. तेथे भूत पहिल्याच पानावर किंचाळत येत नाही. आधी बंद खोलीतला वास येतो, घरातल्या एखाद्या माणसाचे वागणे बदलते, प्रत्येक गोष्टीचे साधे कारण शोधले जाते, आणि अशी सगळी कारणे संपली की मगच वाचकाला घाम फुटतो. त्यांचा गाजलेला नायक समर्थ हाही लिंबू-मिरचीवाला मांत्रिक नव्हे. समोरच्याची हकिकत तो शांतपणे ऐकून घेतो आणि साधनेने कमावलेल्या मनोबलावर अमानवी शक्तींशी झुंजतो.

धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वर आणि ‘शपथ’ ही त्यांच्याच ‘इट’वर बेतलेली आहे. कथानक उसने आहे, हे मोकळेपणाने मान्य करूनच धारपांविषयी बोलावे. पण उसनवारी करणारे पुष्कळ असतात. परकी भीती आपल्या माजघरात नेऊन बसवणे थोड्यांनाच साधते. त्यांची ‘आजी’ ही कथा पाहा. तिचे मूळही किंग यांच्याच कथेत आहे, परंतु अंधाराला घाबरलेले मराठी मूल ज्या कुशीत शिरते ती कुशीच भयाचे ठिकाण झाली, की मुलाने पळायचे कुठे? दिग्दर्शक राही बर्वे यांनी धारपांची कथा तरुणपणी एका मित्राच्या तोंडून ऐकली होती आणि तिच्यातूनच पुढे ‘तुंबाड’चे बीज रुजले. तो चित्रपट २०१८ मध्ये आला. धारप त्याआधीच, १८ ऑगस्ट २००८ रोजी निवर्तले होते.

ज्यांनी धारप अजून वाचलेले नाहीत, त्यांनी समर्थकथांपासून आरंभ करावा, कारण तेथे निदान वाचवायला कोणीतरी येते. ‘लुचाई’ त्यानंतर घ्यावी, आणि शक्यतो सकाळी.