नजर उडते, जग हलत नाही

[पडदाभर डोळा. अतिमंद गती.]

हा डोळा सकाळचं वर्तमानपत्र वाचतोय. प्रत्यक्षात सेकंद-दीड सेकंदात जे घडलं, ते इथं ताणून दाखवलं आहे. बुबुळ ओळीवरून सरकत नाही, बघा. उडी मारतं, थांबतं, पुन्हा उडी मारतं. मधेच एक उडी उलटी, सुटलेल्या शब्दाकडे. आणि ओळ संपली की ही लांब झेप, थेट पुढच्या ओळीच्या आरंभाला.

अशा उड्या आपण जागेपणी दर सेकंदाला साधारण तीन मारतो. त्यांना सॅकेड म्हणतात. वाचतानाची एक उडी सुमारे ३० मिलिसेकंदांत आटोपते. मोठ्या उडीचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्या वर जातो. एवढी चपळ हालचाल आपल्या शरीरात क्वचितच दुसरी सापडेल.

उडी मारावीच लागते, कारण दृष्टिपटलावर लख्ख दिसण्याची सोय फक्त मधल्या एका खळग्यात आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. लख्ख दिसतं ते जेमतेम तेवढंच. बाकी सगळं धूसर. मग जे नीट पाहायचं, त्याच्यावर तो खळगा नेऊन ठेवायचा.

[आरसा. मुलगी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहते, मग उजव्या.]

तिला स्वतःचे डोळे हलताना दिसत नाहीत. आपल्याला दिसतात, कॅमेऱ्याला दिसतात, तिला नाही. घरी करून पाहण्यासारखं आहे.

खरा प्रश्न इथं सुरू होतो. डोळा उडतो तेव्हा दृष्टिपटलावरचं अख्खं चित्र घसरतं. मोबाइल असा झटक्यानं फिरवला, तर व्हिडिओ पाहवणार नाही. मग सेकंदाला तीनदा घसरणारं जग आपल्याला स्थिर कसं दिसतं?

[मुलगी एक डोळा मिटून दुसऱ्याच्या कडेला, पापणीवरून, बोट हलकेच दाबते.]

हिला आत्ता समोरची भिंत हलताना दिसतेय. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं. बोटानं डोळा ढकलला की जग हलतं. डोळा स्वतःहून वळला की हलत नाही. फरक हुकमाचा आहे. डोळ्याला हलण्याचा हुकूम मेंदूनं दिला असेल, तर मेंदूला ते ठाऊक असतं. सरकारी आदेशाची एक प्रत दुसऱ्या खात्याला माहितीसाठी जावी, तशी स्नायूंकडे निघालेल्या हुकमाची एक प्रत पाहणाऱ्या मेंदूकडेही जात असणार. १९५० साली जर्मनीत फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी माशीवर, तर अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी माशावर प्रयोग करून, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हेच मांडलं.

पण माकडाच्या, माणसाच्या मेंदूत ही प्रत जाते कुठल्या वाटेनं?

[वृंदावन. भिंतीवर माकडं.]

हे ऱ्हीसस माकड. सह्याद्रीत आपल्याला भेटतं ते बॉनेट माकड, याचं जवळचं नातेवाईक. याची नजर बघा. खालून जाणाऱ्या माणसाच्या चष्म्यावर आधी डोळे गेले, मग मान वळली, आणि मग... हात. डोळ्यांची ही तऱ्हा, तो खळगा, त्या उड्या, सगळं आपल्यासारखं. म्हणून नजरेचा अभ्यास याच्यावर झाला.

[ऑसिलोस्कोपचा हिरवा पडदा. स्पीकरवर तडतड.]

ही तडतड म्हणजे मेंदूतल्या एकाच पेशीचा आवाज. केसाहून बारीक तार पेशीजवळ नेली की तिचा प्रत्येक ठोका ऐकू येतो.

अमेरिकेत बेथेस्डा इथं, सरकारी आरोग्य संस्थेत, रॉबर्ट वुर्ट्झ यांनी हे काम हाती घेतलं. दृष्टीच्या पेशी त्या काळात बहुतेक भूल दिलेल्या प्राण्यांत मोजल्या जात. भुलीत डोळे वळतच नाहीत. वुर्ट्झ यांनी जागं माकड निवडलं आणि त्याला एक काम शिकवलं. समोरच्या बारीक ठिपक्याकडे टक लावून पाहायचं, ठिपका मंदावला की कळ सोडायची, की तोंडात एक थेंब. ठिपका इतका लहान, की नजर हटली तर मंदावलेला कळणारच नाही. टक लावलेली असताना बाजूला प्रकाश दाखवा, पेशी ऐका. ठिपका सरकवा, डोळा उडवा, पुन्हा ऐका. नजरेवर पुढं जगभर जे संशोधन झालं, त्यातलं कितीतरी या साध्या रचनेवर उभं आहे.

१९६९ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. मेंदूच्या मागच्या भागात, दृष्टीच्या पहिल्या ठाण्यावर, पेशींना फरक कळतच नव्हता. चित्र सरकलं काय आणि डोळा सरकला काय, पुष्कळ पेशींचा ठोका तोच. म्हणजे प्रत इथं पोचत नाही. शोध खाली, मध्यमेंदूकडे वळला.

[तळहातावर तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं.]

डोळा किती वळला हे मोजणारं हे साधन. वेटोळं डोळ्यावर, भोवती चुंबकीय क्षेत्र. डोळा वळला की तारेतला विजेचा दाब बदलतो. १९६३ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी ही युक्ती काढली.

[सचेतपट: मध्यमेंदू, मागून. दोन उंचवटे उजळतात.]

हे दोन उंचवटे म्हणजे सुपीरिअर कॉलिक्युलस. काही मिलिमीटरचा मामला, पण नजरेचा अख्खा नकाशा इथं आहे. वरच्या थरातल्या पेशी समोर काय दिसतंय ते टिपतात. खालच्या थरातल्या पेशी डोळा हलण्याच्या क्षणभर आधी तडतडतात. १९७२ साली रॉबिन्सन यांनी इथं विजेचा सूक्ष्म झटका देऊन पाहिलं. उजव्या उंचवट्यावर दिला की डोळे डावीकडे. पुढच्या टोकाला लहान उडी, मागं सरकावं तशी मोठी. झटका वाढवला तरी उडी वाढत नाही. उडी ठरते ती जागेवरून.

इथून हुकूम खाली मस्तिष्कस्तंभात जातो, तिथून दोन्ही डोळ्यांच्या सहा-सहा स्नायूंना. पण एरवी हा उंचवटा रोखून धरलेला असतो. सब्स्टॅन्शिया नायग्रा या मध्यमेंदूतल्याच दुसऱ्या भागातल्या पेशी त्याला सतत थोपवत असतात आणि उडीच्या आधी क्षणभर गप्प होतात. हे १९८३ साली हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी दाखवलं.

[सचेतपट: उंचवट्यापासून वर जाणारी एक निळी रेघ.]

आणि ही ती वाट. कॉलिक्युलसमधून वर थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या ठाण्यात, तिथून कपाळामागच्या फ्रंटल आय फील्ड या नजर वळवणाऱ्या भागात. हुकूम खाली जातो, प्रत वर.

२००२ साली मार्क सॉमर आणि वुर्ट्झ यांनी माकडांवर या वाटेची परीक्षा घेतली. आलेख बघा. काळोख. दोन ठिपके चमकतात आणि विझतात: एक उजवीकडे, दुसरा बरोबर त्याच्या वर. डोळा निघेपर्यंत समोर काही उरलेलं नाही. पहिली उडी उजवीकडे. दुसरी सरळ वर जायला हवी, आणि ते जमण्यासाठी पहिली उडी झाली हे आतूनच माहीत असावं लागतं. निरोगी मेंदूतली ही रेघ, सरळ उभी. आता डाव्या थॅलॅमसमधला तो टप्पा औषधानं काही तास सुन्न केलाय. पहिली उडी तशीच अचूक. दुसरी बघा... उजवीकडे कलली. उडी झाली, पण तिची वर्दी पूर्ण पोचली नाही.

१९६९ ते २००२. या प्रश्नाला कुठल्या रोगाचं नाव चिकटलेलं नव्हतं, आणि तरी एका सरकारी प्रयोगशाळेनं तो तेहतीस वर्षं धरून ठेवला. असा धीर आपल्या संशोधन संस्थांनाही परवडला पाहिजे.

[दवाखाना. वृद्ध गृहस्थ पेनाच्या टोकाकडे पाहताहेत.]

पार्किन्सनमध्ये उड्या तोकड्या पडतात. पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) नावाच्या मेंदूच्या आजारात नजर वर-खाली जाईनाशी होते. या खुणांचा अर्थ आज डॉक्टर याच नकाशावर लावतात. माकडांनी त्याची किंमत मोजली आहे. भारतातून ती हजारोंनी परदेशी जात, १९७८ साली आपण निर्यात बंद केली.

[पुन्हा आलेख. कललेली रेघ.]

ही रेघ कलली, पण पूर्ण चुकली नाही. वाट बंद असूनही काही वर्दी पोचत होती. म्हणजे प्रत आणखी वाटांनीही जात असली पाहिजे. एक वाट कॉलिक्युलसच्या वरच्या थरातून, थॅलॅमसच्याच पल्विनार या भागामार्गे, हालचाल ओळखणाऱ्या भागाकडे जाते. उडी चालू असताना घसरणारं चित्र दडपण्यात तिचा हात असावा. तिचं मोजमाप चालू आहे.